डाव्या हातातलं अंडं

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता हे लिहिलं तर तुम्ही अंगावर धावून येणार नाही.

देहूरोडला तंबूत तो सिनेमा लागला होता, तरण्या जादूगाराचा. तोंडात घातलेलं अंडं तो दुसऱ्याच्या कानातून काढायचा. गावोगाव त्याचंच कौतुक, तुमच्या जादूच्या खेळाला कुणी विचारीना. चाकणच्या जत्रेत एका नाटक कंपनीचा मालक तुमचा खेळ बघायला येणार होता. पसंत पडला तर तुम्हाला कायमचं ठेवून घेणार, आणि तुमच्याबरोबर मलाही. म्हणजे जन्मभर ती पेटी. मी आत शिरायचे, तुम्ही वरून तलवारी खुपसायचात. एकदा खांद्याला लागली, तर तुम्ही फळीवर टकटक करून मला गप्प बसवलंत. चौथीनंतर शाळा सोडवलीत. मास्तर समजवायला घरी आले तेव्हा म्हणालात, "पेटीत मावतीया तवर पेटीतच बसंल."

तंबूत स्वतः गेलात तर लोक म्हणतील, जादूगार शिकायला आलाय, म्हणून ती अंड्याची युक्ती बघून यायला मला धाडलंत. तिथं बायकांना पडद्यामागं बसवत. मागून चित्र उलटं दिसतं, उजव्याचं डावं होतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही कशाला बायकांत बसताय. घरी येऊन मी सांगितलं, अंडं तो डाव्या हातात लपवतो. तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडल्यापासून नीट मिटत नव्हती. तरी तुम्ही खूश झालात. "बरुबर हाय. लोकांचा डोळा उजव्या हातावर असतोय." महिनाभर तुम्ही त्या बोटांना तेल चोळलंत.

जत्रेत तुम्ही मालकालाच वर बोलावलंत आणि अंडं त्याच्या कोटावर फुटलं. माणसं पोट धरून हसली. मालक कोट पुसत निघून गेला. तुम्ही पेटी फोडून चुलीत घातलीत, कांद्याच्या बाजारात पोती उचलायला लागलात. मला काही शाळेत घातलं नाहीत, वैशाखात लग्न लावून दिलंत.

शेवटच्या दुखण्यात तो हात माझ्यापुढं धरून म्हणालात, "ह्यानं दगा दिला, पोरी." पडद्यावरची अक्षरं मला पहिल्याच खेळाला उलटी दिसली होती, चौथीपर्यंतचं वाचन तेवढ्याला पुरलं. तरी मी तुमची बोटं दाबत बसले आणि म्हणाले, "व्हय आप्पा, हातानंच." तुम्ही रडलात. मला बरं वाटलं, अजून वाटतं.