रिकाम्या डब्याचं पीठ

११ नोव्हेंबर
काल कोल्हापूरहून ऑपरेशन करून आलो. अक्षयाच्या डोळ्यावर पट्टी. दुसरा डोळा जन्माचाच गेलेला, म्हणजे आठवडाभर लेक आंधळीच! आणि शनिवारी कंपनीला कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहून पाठवायचाय. जमलं तर नोकरी. "आई, मी सांगते ते टाईप कर. चुकलं की लाल अक्षरं येतील, ती वाचून दाखव." मी चौथी नापास! एबीसीडी हिच्याच पाटीवर बघून शिकलेली.

१२ नोव्हेंबर
"ओळीतली बाणाची खूण राहिली, आई!" — ओरडते. मीही ओरडले. पिठाची गिरण बंद ठेवून बसल्ये, तुझी नोकर नाही मी!

१३ नोव्हेंबर
पुन्हा लाल. म्हटलं, हा मेला प्रोग्राम मागतो काय ते आधी मला कळू दे. मग सांगितलंन. पहिली ओळ म्हणजे गिरणीवरची पाटी — बाणाच्या अलीकडे काय घेणार, पलीकडे काय देणार. त्या ओळीतला छोटा ए म्हणजे काहीही. आकडे, नावं, वाट्टेल ते. प्रोग्रामचं काम एवढंच — यादी घ्यायची, त्यातलं शेवटचं काढून द्यायचं. यादी रिकामी आली तर? हिने लिहिलेलं — शून्य दे. तिथेच मशीन अडलं.
"शून्य तर शून्य! अडायला काय झालं?"
"नावांची यादी असली तर? शून्य हे नाव आहे कोणाचं?"
तेव्हा डोक्यात शिरलं. पाटीवर 'काहीही दळू', आणि रिकामा डबा आला की मी तांदळाचं पीठ भरून देत्ये! शेजारची मालन नाचणी दळायला येते, ती बोंबलेल नाही तर काय! म्हटलं, मग पाटी बदल. फक्त आकडे, असं लिही.
"नाही आई. त्यांना काहीही चालणारंच हवंय."

१४ नोव्हेंबर
एका शब्दावर भागलं — मेबी. असलं तर दे, नसलं तर नाही म्हण. लाल गेलं! एवढ्यासाठी माझं रक्त आटवलंन.

१५ नोव्हेंबर
पाठवलं. बांगडे करपले.

१८ नोव्हेंबर
नोकरी लागली! मालनला फुकट दळून दिलं. उद्या पट्टी सुटते. मग हिचं हिने वाचावं, मी सुटले.

१९ नोव्हेंबर
पट्टी काढली. नुसता काळोख. मी दवाखान्यातच ऊर बडवायला लागले, तर ही शांत! उजेड यायचा नाही, हे डॉक्टरांनी तिला ऑपरेशनच्या दिवशीच सांगितलं होतं म्हणे. मला सांगू नका, असं हिनेच बजावलेलं. आणि लॅपटॉप स्वतःच बोलून वाचतो! मग मला कशाला बसवलंस गो मेले?
"तू भांडत होतीस, आई. भांडत असलीस की रडत नाहीस."