रुमानाचं नाव सांगा

७८६
मस्कत
१२ ऑक्टोबर २००१

चि. रुमाना हिस,
अब्बाची दुआ आणि अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र मिळालं. आधी एकट्याने वाचलं आणि मग खोलीतल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तुला हे आवडत नाही, ठाऊक आहे मला. पण बापाला एवढी मोकळीक दे. पुण्याकडून येणारा नवा रस्ता शेडुंगपर्यंत सुरू झाला, पनवेलकडचा तुकडा तेवढा राहिलाय, आणि त्या तुकड्यावरचे गडी तुला मॅडम म्हणतात, हे ऐकून सगळ्यांनी वाहवा केली. फक्त उरणचा शहजाद, माझ्या वरच्या पलंगावर झोपतो तो, म्हणाला की पोरगी एवढी इंजिनिअर, तर रस्ता उघडत का नाही? दर जुम्म्याला नमाजहून येताना तो हेच विचारतो.

त्याला मी काय सांगू? मी बावीस वर्षं इथे रोलर चालवतोय. मला डांबर कळतं. सकाळी घालावं, दाबावं आणि संध्याकाळी गाड्या सोडाव्यात. तुमचं काँक्रीट म्हणजे बाळंतीण. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, वेळच्या वेळी पाणी पाजा, महिनाभर हलू देऊ नका. एवढे लाड आम्ही तुझ्या अम्मीचेही केले नव्हते.

थट्टा सोड. इथे मी पुष्कळ रस्ते केले, बेटा. त्यातला एकही आपल्या घराकडे जात नाही. म्हणून या सुट्टीत माझी एकच इच्छा आहे. तुझ्या निकाहाला तर मी येणारच, पण परतण्याआधी एकदा तुझ्या रस्त्यावरून मला ने. तेवढं झालं की शहजादचं तोंड कायमचं बंद.

अम्मीला सलाम. माया आहे तशीच राहू दे, पत्र मात्र जरा मोठं लिही.
तुझा अब्बा,
हसन

*

७८६
पनवेल
४ नोव्हेंबर २००१

ती. अब्बा यांस,
रुमानाचा अस्सलामु अलैकुम.

वि. वि. आम्ही खुशाल आहोत. बाळंतिणीची गोष्ट मी साइटवर सांगितली आणि पस्तावले. आता जो तो मला विचारतो, मॅडम, आज बाळंतिणीला पाणी पाजलं का? फाटकावर पहाऱ्याला आपटा गावचा काशिराम असतो, तो तर म्हणाला की तुमचा बापूस मोठा हुशार मानूस हाय.

रस्ता कधी उघडणार हे मलाही तुमच्यासारखं पेपरातूनच कळतं. दिवाळीत उघडणार होता, आता जानेवारी म्हणतात. शहजादचाचांना सांगा की रस्ता तयार होणं आणि उघडणं यांत फार फरक असतो. जोड भरायचे, पट्टे मारायचे, दुभाजकाचं काम आहेच. मधूनच एखादा स्लॅब तपासणीत नापास होतो, मग तो तोडून पुन्हा घालायचा. तोडताना जीव तुटतो, पण तोडते.

काम आटोपलं की पाच मिनिटं मी एकटी रस्त्यावर उभी राहते. पांढरा, सरळ, समोर डोंगर, आणि एकही गाडी नाही. अब्बा, मला फार अभिमान वाटतो. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

लोकांना मात्र धीर नाही. परवा एक बडे गृहस्थ कुटुंबासह हवा खायला आले होते, काशिरामने त्यांनाही परत पाठवलं. म्हणून आधीच सांगून ठेवते, तुम्हाला मी नक्की नेईन, पण उघडल्यावर. त्याआधी तुम्हालाही नाही.

लोभ आहे तो ठेवावा, डांबराचं कौतुक तेवढं कमी करावं.
तुमची,
रुमाना

*

७८६
पनवेल
३ डिसेंबर २००१

रुमानाच्या अब्बांना,
दिलशादचा सलाम.

वि. वि. रोजे नीट चालू आहेत. तुम्ही पहाटे सहरीला नुसती चहा-खारी खाऊन रोजा धरता असं शहजादभाईंच्या घरून कळलं. मस्कतची बातमी मला उरणहून यावी, ही तुमची तऱ्हा.

निकाहाची तारीख २० जानेवारी पक्की झाली. दुपारी जोहरच्या नमाजनंतर निकाह, मग जेवण. अदीबच्या घरचे पुण्याहून त्याच सकाळी निघतील. मुलगा चांगला आहे. बँकेतली नोकरी, बोलायला मऊ, आणि रुमाना लग्नानंतरही साइटवर जाणार याला त्याने एका शब्दाने हरकत घेतली नाही. त्याचे मोठे मामू मात्र जरा कडक आहेत. घरात त्यांचाच शब्द चालतो, तेव्हा त्यांच्याशी जपून.

तुमची लेक अजून केसांत सिमेंट घेऊन घरी येते. लग्न दीड महिन्यावर आलं आणि ही मला गोणपाटांच्या गोष्टी सांगते. मी रागावते. पण खरं सांगू, शेजारणी विचारतात तेव्हा मीही आवाज जरा चढवूनच सांगते.

एक मागणं आहे. तिच्या डिग्रीला तुम्ही नव्हतात, पहिल्या पगाराला नव्हतात. सुट्टीचं काहीही होवो, या खेपेला तारीख हुकवू नका. आणि रस्ता रस्ता करून पोरीला भंडावू नका.

तब्येतीला जपा, आणि आमची आठवण काढताना पोटभर जेवत जा.
तुमची,
दिलशाद

*

७८६
मस्कत
१८ डिसेंबर २००१

चि. रुमाना आणि तिच्या अम्मीस,
ईद मुबारक आणि दुआ.

वि. वि. सुट्टी मंजूर झाली! ८ जानेवारीला येतो, २४ला परत. सगळ्या खोलीला शीरखुर्मा पाजला.

आणखी एक काम मी उरकून टाकलं आहे. अदीबच्या मामूंना ईदचा फोन केला. ते विचारत होते की शेडुंगच्या पुढे जुन्या रस्त्याला फार गर्दी असते, वऱ्हाडाला वेळेवर कसं आणावं. मी म्हटलं, फिकीर कसली? जानेवारीत रस्ता उघडणारच आहे, आणि नाही उघडला तरी रस्ता तुमच्या सुनेचा आहे. शेडुंगला फाटकावर रुमानाचं नाव सांगा, गेट उघडेल. मामू फार खूश झाले. म्हणाले की नवरीच्या रस्त्याने येणारं हे पहिलंच वऱ्हाड असेल. त्यांना आणायला मी स्वतः शेडुंगला जाईन आणि तिथून त्यांच्याच गाडीत बसेन. म्हणजे माझीही इच्छा पुरी.

दिलशाद, तू कपाळावर हात मारला असशील तर तो खाली घे.

भेट होईपर्यंत मनात जागा राखून ठेवा.
तुमचा,
हसन

*

७८६
पुणे
२ फेब्रुवारी २००२

ती. अब्बा यांस,
रुमानाचा अस्सलामु अलैकुम.

वि. वि. तुम्ही गेल्यापासून हे पत्र मनात लिहिते आहे. लग्नानंतरच्या चार दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं, आपल्याला नीट बोलताच आलं नाही. आणि खरं तर मला भीतीही वाटत होती.

त्या दिवशी माझ्याकडे काय झालं ते सांगते. दोन्ही हातांना मेंदी, अंगावर शालू. इतक्यात साइटवरून फोन आला. रिसीव्हर अम्मीने माझ्या कानाला लावून धरला. पलीकडे काशिराम होता. म्हणाला की मॅडम, तुमचा वऱ्हाड आलाय, बापूसपन हाय, ते बोलतान तुमचं नाव सांगितलं की गेट उघडंल, तर उघडू काय?

अब्बा, पुढे माझे ते स्लॅब होते. आठवड्यापूर्वीच तोडून पुन्हा घातलेले. लग्नाआधी रस्ता उघडला असता तर तुम्हाला मी नेणार होते, तेही त्यांच्यामुळेच राहिलं. वरून असं काँक्रीट कडक दिसतं, कुणीही फसेल, पण आतून कच्चं असतं. पलीकडच्या बाजूला दुभाजकाची यंत्रं आडवी होती, तिथूनही वाट नव्हती. वऱ्हाडाच्या दोन भरलेल्या बस वरून गेल्या असत्या तर त्या दिवशी काहीच दिसलं नसतं. तडे नंतर गेले असते, कुणाला कळलंही नसतं का गेले. मला कळलं असतं.

अम्मी माझ्याकडे बघत होती. मामूंचा राग, काझीसाहेब ताटकळलेले, सासरचा पहिलाच दिवस, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि तुम्ही. तुम्हाला त्या रस्त्यावरून जायचं होतं, आणि तुम्ही चार लोकांत शब्द दिला होता. मी काशिरामला एवढंच सांगितलं की अब्बांना म्हणावं, बाळंतीण अजून उठली नाही. फोन ठेवला आणि रडले. सगळ्यांना वाटलं, नवरी आहे म्हणून रडते.

वऱ्हाड असरनंतर, ऊन कलल्यावर आलं. तुम्ही काही बोलला नाहीत. मामूही बोलले नाहीत, आणि ते अजूनही माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात. फाटकावर काय झालं ते मला कुणीच सांगत नाही. अदीबला विचारलं तर तो हसतो आणि म्हणतो, तुझ्या अब्बांनाच विचार.

म्हणून विचारते. भर वऱ्हाडात तुमची मान खाली गेली का? रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.

माया आटू देऊ नये.
तुमची,
रुमाना

*

७८६
मस्कत
१५ फेब्रुवारी २००२

चि. रुमाना हिस,
अब्बाची दुआ, आणि या खेपेला एक सलामसुद्धा.

वि. वि. वेडी आहेस. ऐक आता.

मी शेडुंगला तासभर आधीच पोचलो होतो. नवा कोट, वर अत्तर. बस आल्या, मामू उतरले, मी त्यांना मिठी मारली आणि रुबाबात काशिरामला सांगितलं की खोल भाऊ. तो तुझी परवानगी घ्यायला केबिनमध्ये गेला. वऱ्हाडातले लोक उतरून रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. त्यांना मी सांगत होतो की बघा, हे आमच्या पोरीचं काम.

काशिराम परत आला तो डोकं खाजवतच. म्हणाला की मॅडम बोलल्या, बालंतीन अजून उठली नाय. मग अगदी हळू म्हणाला की पन तुमी त्यांचे बापूस, तुमी सांगाल तसा.

म्हणजे बेटा, गेट माझ्या हातात होतं. मी हो म्हटलं असतं तर त्याने उघडलं असतं. समोर मामू, मागे दोन बस माणसं, आणि पुढे तो रस्ता, ज्याच्यासाठी मी वर्षभर खोलीत बढाया मारल्या. खोटं कशाला बोलू, क्षणभर हो अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मामूंचा आवाज चढला. म्हणाले की ही काय तऱ्हा, नवरीचाच रस्ता आणि नवरीच्याच वऱ्हाडाला बंदी? सुनेला सांगा, मोठ्यांचा मान कसा राखतात ते आधी शिकावं.

ते ऐकलं आणि माझ्यातला रोलरवाला जागा झाला. बावीस वर्षांत किती शेख, किती साहेब ओल्या डांबरावर गाडी घालायला आले, आणि आम्ही हात जोडून बाजूला झालो. अडवायची ताकद आमच्यात कधी नव्हती. ती माझ्या पोरीत आहे, तीही अंगावर शालू असताना. मी गेटला पाठ लावून उभा राहिलो. मामूंना म्हटलं की चूक माझी आहे, शब्द मी दिला होता, तो देणारा मी कोण? पण जी मुलगी स्वतःच्या बापासाठी कच्च्या रस्त्याचं गेट उघडत नाही, ती उद्या तुमच्या घरात येतेय. तुमचंही काही ती कच्चं राहू देणार नाही. चला, जुन्या रस्त्याने जाऊ.

अदीब बसमधून सगळं ऐकत होता. तो खाली उतरला, मामूंचा हात धरला आणि त्यांना गाडीत बसवलं. मग मला म्हणाला की अब्बा, तुम्ही माझ्याशेजारी बसा. पळस्पे फाट्याला आम्ही ट्रकांमध्ये असे अडकलो की मामूंना डुलकी लागली. आपण हळू आवाजात हसलेलं बरं, असं म्हणत मी आणि जावई पोट धरून हसलो.

मान खाली गेली का विचारतेस? मी अजून ती खाली करायला विसरलोय.

मामूंना वेळ दे. ते काँक्रीटच्या जातीचे आहेत.

तू आहेस तशीच राहा, मी आहे तसाच तुझा,
अब्बा

*

७८६
पनवेल
६ मे २००२

रुमानाच्या अब्बांना,
दिलशादचा सलाम.

वि. वि. वाचा आणि जळा. तुमच्या आधी मी जाऊन आले! रस्ता पुरता उघडला. रुमाना आणि अदीब रविवारी मला पुण्याला न्यायला आले होते. अदीब गाडी चालवत होता, टोल सगळ्यांसारखा भरला, मुलीचं नाव कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मी खिडकीशी डोळे लावून बसले होते. रुमानाला म्हटलं, तुझे ते स्लॅब आले की सांग. ती म्हणाली, अम्मी, ते मागे गेले. मला काहीच कळलं नाही, ना धक्का, ना आवाज. मी हिरमुसले. तर ती म्हणाली की कळलं नाही हेच तर पाहिजे होतं. आणि मग तिने ओढणी डोळ्यांना लावली. मीही लावली. अदीब बिचारा गाडी चालवत राहिला.

पुण्याला मामू दारात उभे होते. घड्याळ बघून म्हणाले की इतक्या लवकर पोचलात? मग रुमानाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की रस्ता चांगला झालाय. लग्नात मी तांदळाची गोड सांदणं वाफवली होती, तशीच आता तुम्ही सुट्टीला याल तेव्हा करीन.

वाट बघते, हे वेगळं लिहायला हवं का?
तुमची,
दिलशाद

*

७८६
मस्कत
१९ मे २००२

चि. रुमाना हिस,
अब्बाची दुआ.

वि. वि. अम्मीचं पत्र खोलीत वाचून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शहजाद तेवढा वरच्या पलंगावरून वाकला आणि त्याने सगळ्यांसमोर विचारलं की हसनभाई, सगळी दुनिया जाऊन आली, तुम्ही सुट्टीत एकदा तरी त्या रस्त्यावरून गेलात का?

पूर्वीचा मी असतो तर काहीतरी ठोकून दिलं असतं. मी उठून उभा राहिलो आणि छाती काढून सांगितलं की नाही गेलो. गेटपर्यंत गेलो होतो, माझ्या मुलीने मला सोडलं नाही.

खोलीत पुन्हा टाळ्या वाजल्या. या खेपेला शहजादच्यासुद्धा.

पुढच्या सुट्टीला येतो. टोलचे पैसे मी भरणार.
तुझा,
अब्बा