सेवेत गेलेला हात

तात्या,

आज तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून मी गप्प बसेन असं समजू नका. गेल्या महिन्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला, आणि तुमच्यासारखाच उजवा हात लुळा पडला. जुन्नरला घरी व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. पहिल्याच दिवशी मी ह्यांना वरणभात भरवत होते, तर तिने माझा हात धरला, ह्यांच्या धडधाकट डाव्या हातात, तो वापरता येऊ नये म्हणून, जाड हातमोजा चढवला आणि म्हणाली, "मॅडम, भरवणं बंद. सांडू दे. तास लागला तरी उजव्यानेच." मी म्हटलं, "मुली, मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय. मेंदूतली मेलेली पेशी परत येत नाही." "ती नाहीच येत," ती म्हणाली. "पण मेंदूत एखाददुसऱ्या जागी नव्या पेशी तयार होतात, असं आता सांगतात. ते सोडा. शेजारच्या जिवंत पेशी गेलेल्यांचं काम शिकतात. काम दिलं तरच हं. तुम्ही भरवलंत की त्यांना सुट्टी. खोटं वाटत असेल तर सायबर कॅफेत जाऊन वाचा."

मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. डोळ्यांपुढे तेव्हाचं आपलं बेल्ह्याचं घर आलं. बाजाराचा दिवस आहे. गुरांचा सौदा उरकून माणसं तुम्हाला बघायला ओसरीवर टेकली आहेत. तुम्ही उजव्या हाताने भाकरी मोडू बघता. बोटं हलतात, तात्या, मी स्वतः पाहते आहे. तुकडा निसटतो, कालवण धोतरावर सांडतं. आई ताट ओढून घेते. "आवो, आमी काय मेलोय व्हय? उघडा तोंड." तुम्ही म्हणता, "अगं, हालतोय जरा. ऱ्हाऊ दे." ओसरीवरून कोणीतरी बोलतं, "नशीबवान हाय राव तुमी. लेकीसुनांचं सुख लई." मग तुम्ही तोंड उघडता.

डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते गेलं, आता सेवा करा. मीही मान डोलावली, पुस्तकात तेच होतं. आणि सेवा आम्ही अशी केली की गावाने नावाजलं. तुमची बटणं आम्ही लावली, तपकिरीची डबी आम्ही उघडली, पाठसुद्धा आम्हीच खाजवली. त्या हाताला काम म्हणून उरू दिलं नाही. शेवटी तो मांडीवर पडून असायचा, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. मी शिकायला होते त्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात आम्ही मुली तापाने फणफणलो तरी सिस्टर आपलं ताट आपल्याला घासायला लावायच्या. त्यांना मी निर्दय म्हणत आले, आणि आपल्या घराला मायाळू.

राग कोणावर काढू? डॉक्टरांवर, पुस्तकावर, आईच्या मायेवर? तुमच्यावरही आहे. आख्ख्या बाजाराला दमात घेणारा माणूस, ताट परत का ओढलं नाहीत?

हे मला आता "जल्लाद" म्हणतात. म्हणोत. काल एक घास तोंडापर्यंत गेला, अर्धा हनुवटीला लागला, पण गेला.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, त्या मुलीला तर नाहीच. आज दुपारी सगळा भात मांडीवर सांडल्यावर ह्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी उठून दार लावून घेतलं आणि भरवलं.