हिरवी खूण नसलेला कागद

दि. १२ फेब्रुवारी
दुकान, सकाळी अकरा

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. सगळे सुखरूप आहोत, निदान कालच्याइतके तरी. तू दोन महिने फोन घेत नाहीस म्हणून लिहितोय असंही समजू नकोस. घेतला असतास तरी हे मला बोलता आलं नसतं. फोनवर विषय बदलण्यात मी किती पटाईत आहे, ते शेवटपर्यंत वाचलंस की कळेल.

तब्येतीचं आधी सांगतो. पुढचं इंजेक्शन मार्चात आहे. हाडांचं दुखणं गोळ्यांनी ताब्यात आहे. सकाळी उठताना कंबर कुरकुर करते, चहा झाला की गप्प बसते. इंजेक्शनांमुळे घामाच्या लाटा येतात. बसल्या बसल्या कानशिलं तापतात आणि शर्ट ओला होतो. तुझ्या आईला त्या वयात असंच व्हायचं, तेव्हा मी तिची थट्टा करायचो, "पंखा काय माहेरून आणलायस का, सारखा लावतेस?" म्हणून. आता तुझी आत्या मला तेच विचारते. फेडावं लागतं बघ, आणि इथेच.

आत्याने घर ताब्यात घेतलंय. माझ्या औषधांना तिने डबे केलेत, प्रत्येकावर वार लिहिलाय. परवा मंगळवारची गोळी मी बुधवारी घेतली तर मला शाळेतल्या पोरासारखं उभं केलं. छकुलीचा फोटो तिने आरशाला लावलाय, त्यामुळे दाढी करताना नात माझ्याकडे पाहून हसत असते. दोन वर्षांची व्हायला आली की गं ती.

आता कामाचं.

तुझ्या वकीलबाई गुरुवारी येऊन गेल्या. हुशार बाई आहे. बोलता बोलता कोपर पुस्तकं चिकटवायच्या खळीच्या भांड्यात बुडालं, तरी वाक्य अर्धं सोडलं नाही. मला सगळं नीट समजावून सांगितलं. एक रस्ता ग्राहक न्यायालयाचा, नुकसानभरपाईसाठी. दुसरा वैद्यकीय परिषदेकडे तक्रारीचा, त्यात पैसा नाही पण डॉक्टरला जाब द्यावा लागतो. तिसरा बाहेरच्या बाहेर तडजोडीचा. तिन्ही रस्त्यांवर आधी दुसऱ्या तज्ज्ञाने लेखी सांगावं लागतं, की वेळेवर कळलं असतं तर कॅन्सर प्रोस्टेटच्या ग्रंथीतच अडवता आला असता, हाडांत गेला नसता.

पण तिन्ही रस्ते एकाच ठिकाणी अडतात, असं त्या म्हणाल्या. छकुली व्हायच्या आधीच्या ऑक्टोबरात तू मला हाताला धरून ज्या रक्ततपासणीला नेलंस, तिचा रिपोर्टच कुठे नाही. तपासणी झाल्याची पावती आहे, आकडा नाही. ती प्रयोगशाळा बंद पडली, यंत्रं विकली गेली. आणि नोटिशीच्या उत्तरात डॉक्टरांनी सरळ लिहिलंय, असा रिपोर्ट दवाखान्यात आलाच नाही.

"तो एक कागद मिळाला असता ना काका," वकीलबाई म्हणाल्या, "तर मी त्यांना उभं राहू दिलं नसतं."

मी त्यांना बाही पुसायला ओलं फडकं दिलं.

जाताना त्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा ठेवून गेल्या. तू डिसेंबरात पाठवला होतास तोच. त्यातलं सातवं कलम तसंच आहे: "सदर रिपोर्ट कुठे आहे व त्यात काय आहे, याची मला आजतागायत कोणतीही माहिती नाही." डिसेंबरात मी सही केली नाही तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला डॉक्टरांची अब्रू माझ्यापेक्षा जवळची आहे." तू तेच खरं धरलंस आणि मी धरू दिलं. मैत्रीसाठी गप्प बसलेला बाप म्हणवून घेणं मला सोयीचं होतं.

डॉक्टर माझे मित्र आहेत, यात खोटं नाही. तुझा गोवर, तुझ्या आईचे शेवटचे सहा महिने, सगळं त्यांनी पाहिलं. पण सही अडली ती त्यांच्यासाठी नाही.

(दुपारी चार. मध्ये एक जण शब्दकोश घेऊन आला होता, पाठ निखळलेला. त्याला शनिवारचा वायदा दिला. काम हातात असलं की लिहायचं टाळता येतं, म्हणून ते बाजूला ठेवून पुन्हा बसलोय.)

तुला आठवतं का, लहानपणी तू दुकानात यायचीस आणि शिवायला आलेली पानं वाचायला लागायचीस? एकदा कुणाच्या तरी घटस्फोटाचे कागद मोठ्याने वाचलेस आणि मी तुझ्यावर ओरडलो. माझ्या वडिलांनी मला जे शिकवलं तेच मी तुला सांगितलं, बांधणाऱ्याने पानं सारखी करावीत, वाचू नयेत. आपल्याकडे लोकांची मृत्युपत्रं येतात, डायऱ्या येतात, खटल्यांचे कागद येतात. ते विश्वासाने येतात. या एका नियमावर हे दुकान दोन पिढ्या चाललं.

डॉक्टरांचेही कागद माझ्याकडेच येतात, हे तुला माहीत आहे, पण तू विसरली असशील. वर्ष संपलं की दवाखान्यातले सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून त्या स्वागतकक्षातल्या बाई गठ्ठे पाठवतात. मी दाभणाने भोकं पाडतो, शिवतो, कडा कापतो, पुठ्ठा चढवतो. लाल कापडाची पाठ, त्यावर वर्ष. एकोणतीस वर्षांचे खंड मी बांधलेत. डॉक्टरांच्या खोलीत खुर्चीमागच्या कपाटात ओळीने उभे आहेत.

तुझ्या वकीलबाईंनी माझा केसपेपर मागितला, दवाखान्याने त्याची नक्कल दिली. खंड कुणी उघडले नाहीत. कशाला उघडतील?

ठकू, तो रिपोर्ट त्या वर्षाच्या खंडात आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. माझ्या दोऱ्याने शिवलेला.

आता उठून पाणी पिऊन ये, मग पुढचं वाच.

जानेवारी होता. तुला सातवा महिना लागला होता. गठ्ठा ठोकून सारखा करत होतो. सारखा करताना नजर कोपऱ्यावर असते, वाचायचं नसलं तरी कोपरा बघावाच लागतो. एक कागद घडी घातलेला होता, म्हणून बाहेर आला. सरळ करायला उघडला. वर माझं नाव होतं.

इतके दिवस मी स्वतःला सांगत आलो, की नियम म्हणून मी तो वाचला नाही. वाचला नाही हे खरंच आहे. पण न वाचताही दिसायचं ते दिसलं. एका आकड्याशेजारी ठळक तारा होता, आणि खाली एक ओळ, तिची सुरुवात 'त्वरित' अशी होती. त्याच्यापुढे मी डोळे नेले नाहीत.

आणि आणखी एक दिसलं. हे मी आत्यालाही सांगितलेलं नाही.

डॉक्टरांची सवय आहे, रिपोर्ट पाहिला की उजव्या कोपऱ्यात हिरव्या पेनाने बरोबरची खूण करायची. तोवरच्या इतक्या वर्षांत ती खूण नसलेला रिपोर्ट माझ्या हातात आला नव्हता. या कागदावर ती नव्हती. म्हणजे तो दवाखान्यात आला, त्या बाईंनी तो गठ्ठ्यात सरकवला आणि डॉक्टरांनी पाहिलाच नाही, हे मला त्या क्षणी कळलं. दवाखाना दुकानापासून सात मिनिटांवर. कागद खिशात घालून चालत गेलो असतो तरी झालं असतं.

मी तो पालथा केला, गठ्ठ्यात ठेवला आणि शिवला.

का, ते लिहायचं म्हटलं तर एकच कारण आहे, मी घाबरलो. तुझ्या आईचा रिपोर्ट मी वाचला होता. त्या दिवसापासून या घरात कुणी नीट जेवलं नाही, आणि सहा महिन्यांत ती गेली. मला वाटलं, झाकली मूठ झाकलेलीच बरी. पोरीला सातवा महिना आहे, तिचं सुखरूप होऊ दे, मग बघू. तुझं सुखरूप झालं. मग छकुलीचं बारसं झालं, तिला दात आले, ती चालायला लागली. प्रत्येक वेळी मी म्हणालो, मग बघू. पुढच्या वर्षाचा खंड बांधतानाही तो कोपरा आठवला. विसरलो होतो असं मी म्हणणार नाही. विसरल्याचं सोंग वीस महिने केलं, आणि सप्टेंबरात कंबरेच्या दुखण्याने ते उतरवलं.

मग तू आलीस, धावपळ सुरू केलीस. प्रयोगशाळेच्या मालकाचा पत्ता शोधत फिरलीस. तू फिरत होतीस आणि मी इथे पुठ्ठे कापत होतो. मला माहीत होतं कागद कुठे आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखव असूनही माणूस किती दिवस गिळत राहतो, ते मला माझ्यावरून कळलं.

वकीलबाईंना हे पत्र दाखव. त्या काय म्हणतील याचा मला अंदाज आहे. कागद सापडला म्हणून आधी आनंदतील. तो मागाहून घुसवलाय असं समोरचा म्हणू शकणार नाही, कारण भोकं एका दाभणाची आहेत, कडा एका पात्याने कापलेली आहे, कुठलाही बांधणीवाला हे शपथेवर सांगेल. मग त्यांच्या लक्षात येईल, की जो कागद डॉक्टरांची चूक सिद्ध करतो तोच माझीही करतो. त्यांचे वकील विचारतील, तुमच्या हातात होता तर तुम्ही काय केलंत? मुदतही कदाचित त्याच जानेवारीपासून धरतील, आणि तसं धरलं तर तक्रारीची दोन वर्षं गेल्याच महिन्यात संपली. उशीर माफ करून घ्यायचा अर्ज करता येतो असं त्या म्हणाल्या होत्या, तो कसा लागू होतो ते त्यांनाच विचार. भरपाई निम्मी होईल, किंवा मिळणारच नाही. तू माझ्यासाठी घेतलेल्या कष्टांवर मी पाणी ओतलं, हे मला कळतंय.

तरी एक सांगतो. माझी चूक मोठी म्हणून त्यांची लहान होत नाही. तो कागद तीन महिने दवाखान्यात पडला होता, आणि तो पाहणं हे त्यांचं काम होतं. उद्या दुसऱ्या कुणाचा कागद असाच सरकेल. म्हणून तक्रार कर. मी सही करतो. फक्त सातवं कलम काढून टाक आणि त्याजागी मी वर लिहिलंय ते घाल, जसंच्या तसं. डॉक्टरांनाही मी उद्या जाऊन तोंडाने सांगणार आहे. त्यांना ते कोर्टाच्या कागदातून कळू नये, एवढं मैत्रीचं देणं मी लागतो.

हे सगळं मी आजही लिहिलं नसतं कदाचित. पण काल आत्या पुढ्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, "पोरगी तिकडे स्वतःला खातेय. मला म्हणाली, मी गरोदरपणाच्या नादात बाबांचा रिपोर्ट विचारायचा विसरले, माझ्यामुळे बाबा चाललेत. आणि तू इथे खळ ढवळत बसलायस?"

ठकू, तू विसरली नव्हतीस.

तो गठ्ठा शिवला त्याच आठवड्यात तुझा फोन आला होता. दुकानाच्या फोनवर. तू म्हणालीस, "बाबा, त्या टेस्टचं काय झालं?" मी म्हणालो, "ते राहू दे, आधी तुझं सांग, बाळ लाथा मारतंय का?" तू हसलीस. मग त्याबद्दलच बोलत राहिलीस, दहा मिनिटं. तुला ते आठवत नाही, कारण मी ते आठवण्यासारखं ठेवलंच नाही. मला मात्र तो फोन शब्दन् शब्द पाठ आहे.

तू विचारलं होतंस. हे तुझ्याकडे लेखी असावं, म्हणून हे पत्र.

आयुष्यभर मी दुसऱ्यांचे कागद न वाचता बांधले. हे पत्र मात्र पहिल्या अक्षरापासून दोनदा वाचलं आहे, आणि वाचून सही करतो आहे.

तुझा,
बाबा