अफशाँची सीट

धाहरान, सौदी अरेबिया

लाडक्या धाकट्या बहिणीस, अदिबास, तुझ्या बुबूचा सलाम.

मी बरी आहे, गुडघेही चालतात. तुझा खोकला गेला का गं?

अगं, माझी फजितीच झाली. आपली अफशाँ अमेरिकेतून फोनवर म्हणाली, "दादी, माझं काउंटी सीटला पक्कं झालं." मला वाटलं, कॉलेजातली सीट. शिकेल आणि घरी येईल. मी शेजारणींना शिरासुद्धा वाटला. मग तौकीर म्हणाला, "अम्मी, काउंटी सीट म्हणजे तालुक्याचं गाव. तिला तिथे कायमची नोकरी लागली."

गाव आपल्या म्हसळ्याएवढंच आहे म्हणे. मधोमध जुनी कचेरी, तिच्यावर घड्याळ. पूर्वी रेल्वे यायची, मोठा बाजार भरायचा. आता रेल्वे बंद, दुकानं बंद, पोरं शहराला गेलेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या अफशाँला केक आणून देतात आणि तासभर बोलत बसतात.

पोरीला माया मिळते, मी खूश आहे. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तू तिच्यासाठी माडीवरची खोली झाडून ठेवतेस ना, ती आता सुनेला दे.

सगळ्यांना दुवा सांग, तब्येतीला जप.

तुझी,
बदरुन्निसा