मुकादम नजरकैदेत आहे

सोमवार, ७ मार्च

सकाळी फाटकापाशी आमच्या कुत्र्याची, मुकादमाची, एका तिऱ्हाईत कुत्र्याशी जुंपली. ते कुत्रं कुणाचंच नव्हतं. तोंडाला फेस, चाल दारुड्याची. मुकादम एरवी झाडू बघून पलंगाखाली जाणारा, पण फाटक आपलं म्हटल्यावर त्यालाही चेव आला. मी मध्ये पडून दोघांना सोडवलं. नुसत्या हातांनी. शेजारचे टेलर गॅलरीतून बघत होते. म्हणाले, काका, काठी तरी घ्यायची होती. कापड कापणाऱ्याला कसब कुठून कळणार.

अंगठ्याच्या मुळाशी जरा खरचटलंय. फाटकाची तार. नळाखाली हात धरला, रक्त थांबलं. हिला सांगितलं नाही. उगाच कशाला.

मंगळवार, ८ मार्च

ते कुत्रं कोपऱ्यावर मरून पडलं. नगरपालिकेची माणसं हातमोजे घालून आली आणि तपासायला घेऊन गेली. टेलरनी बातमी थेट आमच्या स्वयंपाकघरात पोचवली. ही घाबरली. मी घाबरलो नाही, फक्त खाली बसलो.

मुकादमाला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. मागच्या वर्षीची लस झालेली होती, म्हणून निभावलं. तरी आणखी एक सुई लगेच टोचली. मुकादमानं हूं की चूं केलं नाही. मी त्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. चित्र चांगलं होतं.

बाई म्हणाल्या, दीड महिना वेगळा ठेवा. एकाच माणसानं त्याचं बघायचं, बाकी कुणी जवळ जायचं नाही. लक्षणांवर नजर ठेवा, कारण हा रोग एकदा दिसला की औषध नाही. जनावराला नाही आणि माणसालाही नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, काका, तुम्हाला कुठे चावलं, ओरखडलं? म्हटलं, छे. विचारणं कुत्र्याबद्दल होतं. तारेबद्दल नव्हतं.

निश्चय: मुकादमाची सगळी जबाबदारी माझी. जन्मभर लोकांची घड्याळं उघडून पुन्हा बंद केली. एक कुत्रा सांभाळणं काय अवघड आहे?

बुधवार, ९ मार्च

माझ्या घड्याळांच्या बंद दुकानाच्या खोलीत नजरकैद सुरू. बंदोबस्त कडक. मी रेनकोट घालतो आणि हिचे भांडी घासायचे गुलाबी रबरी मोजे. ही म्हणाली, मग भांडी कुणी आणि कशानं घासायची. मोठ्या कामात असे प्रश्न निघतातच.

घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून मुकादमाचं अंग केसाकेसानं तपासलं. चावा कुठेच नाही. एक गोचीड निघाली आणि टेलरचं एक बटण.

लक्षणं मोठ्या अक्षरात लिहून दारावर डकवली, हिलाही वाचता यावीत म्हणून. पाण्याला घाबरणे. अन्न टाकणे. आवाज बसणे. अंधारात जाऊन बसणे. उगाच वसकन अंगावर येणे. मुकादम त्याचं पाणी प्यायला, त्याचं जेवला, मग माझंही जेवला. प्रकृती उत्तम.

संध्याकाळी नगरपालिकेचा निरोप आला. ते कुत्रं पिसाळलेलंच होतं. हिनं पदर डोळ्यांना लावला. म्हटलं, मी आहे ना. ही म्हणाली, तीच तर काळजी आहे.

जेवताना ही म्हणाली, हातमोजा तरी काढा की. म्हटलं, शिस्त म्हणजे शिस्त. चमच्यानं जेवलो.

गुरुवार, १० मार्च

आंघोळ केली नाही. रेनकोट काढा, घाला, वेळ फार जातो. शिवाय तारेची जखम पाण्यानं झोंबते. जेवणावर वासना नाही. कामाच्या माणसाची भूक जातेच. टेलरना भिंतीपलीकडून साथीच्या रोगांची शास्त्रीय माहिती ओरडून दिली, त्यात आवाज बसला. रोग्याला उजेडाचा त्रास नको म्हणून शटर खाली ओढून दिवसभर अंधारात बसलो. मुकादमाला अंधार आवडत नाही, तो फटीपाशी जाऊन बसला.

ही जेवायला तीनदा बोलवायला आली. तिसऱ्यांदा मी जरा चढ्या आवाजात बोललो. ही उंबऱ्यात तशीच उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, मग दारावरच्या कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मग एक पेला पाणी आणून लांबूनच माझ्यापुढे सरकवलं आणि बघत राहिली. म्हटलं, ते पाणी आधी माझ्यासमोरून ने.

हिचा चेहरा पांढराफटक पडला. का ते कळलं नाही. बायकांची मनं नाजूक असतात.

थोड्या वेळानं दारात टेलर. हातात काठी. म्हणाले, काही नाही काका, सहज.

शुक्रवार, ११ मार्च

सकाळी झोपेतून उठतो तो माझ्या हातात मोजा नाही आणि हिच्या डोळ्याला माझं भिंग. हात खिडकीच्या उजेडात धरून बघत होती. मग म्हणाली, तारेला सुळे कधीपासून यायला लागले?

मी फाटक जुनं असल्याचं निदर्शनास आणलं.

साबणानं धुतला होता का, विचारलंन. म्हटलं, नळाखाली धरला होता. मग माझं मनगट धरून नळाखाली साबण लावत राहिली, चांगला पाव तास. म्हणाली, सुईला भिऊन मरायला निघालात होय? मुकादमाला काही झालं तर मी रडेन. तुम्हाला काही झालं तर ओरडू कुणावर?

मी नळ बंद केला. घड्याळात कधी कधी असं होतं, सगळं जागच्या जागी असतं आणि काटा हलत नाही.

माणसांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयानं लहान. विचारलं, सोमवारपासून काय करत होतात? म्हटलं, कुत्र्यावर नजर ठेवून होतो. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, त्याच दिवशी यायला हवं होतं, पण आलात हे चांगलं केलंत. अजून आटोक्यात आहे. राहिलेली एकही सुई चुकवायची नाही.

एक दंडात, आणि बाकीच्या जखमेतच, भोवती भोवती. मी पूर्ण शांत होतो. टेलरनी खांदे धरले होते आणि कंपाउंडरनं पाय, ते केवळ खबरदारी म्हणून. टेलरच्या शर्टाची बाही उसवली. त्यांना शिवता येते.

रविवार, १३ मार्च

मुकादम ठणठणीत. आंघोळ केली. जेवलो. आता मुकादमाचं सगळं ही बघते. म्हणते, दोघांपैकी तो ऐकतो तरी. मी फक्त मार्गदर्शन करतो, उंबऱ्याबाहेरून.

उद्या दुसरी सुई. मी एकटा जाणार आहे. टेलरनी यायची गरज नाही, काठीचीही नाही. निश्चय पक्का.

फक्त सुईच्या आधी भाजी आणून टाकावी, आणि मग जमलं तर परवा जावं, असं हिला सुचवून बघितलं. ही आत गेली आणि मुकादमाची फिरायला न्यायची साखळी आणून दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

मुकादमाला तर दीड महिना बाहेर न्यायचंच नाही. विसरली असेल बिचारी.