दातांचा फोटो दोन वर्षांतून एकदाच

दि. २२/०९/२००३

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
फिरते दंत तपासणी पथक, मुरबाड तालुका.

विषय : माझी मुलगी कु. मालू हिच्या जबड्याचा क्ष-किरण फोटो दर सहा महिन्यांनी काढून मिळणेबाबत.
संदर्भ : तपासणी कार्ड क्र. २१७, दि. ११/१२/२०००.

महोदय,

मी, भगीरथ धाऊ खाकर, आश्रमशाळेत शिपाई असून विनंतीपूर्वक अर्ज करतो की,

१. डिसेंबर २००० मध्ये आपली गाडी टोकावड्यास आली असता मालूच्या दातांचा फोटो काढण्यात आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. दीप्ती मॅडम या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून मला दाखविला. म्हणाल्या, "मामा, दाढेखाली ही काळी सावली आहे. आज घाबरू नका. पण दुखो न दुखो, दर सहा महिन्यांनी फोटो काढा." तसे त्यांनी कार्डावर लिहिलेही.

२. जून २००१ मध्ये मी मालूला घेऊन हजर झालो. गाडीवरील लिपिक म्हणाले, "मॅडमची बदली झाली. नियमाने फोटो दोन वर्षांतून एकदाच." मी कार्ड पुढे केले. त्यांनी ते न वाचता परत दिले. मी वाद घातला नाही. मुलगी चणे फोडून खात होती, तेव्हा मलाही नियमच खरा वाटला. ही चूक माझी आहे.

३. डिसेंबर २००१ मध्ये पुन्हा गेलो. लिपिकांनी मालूला विचारले, "दुखतं का?" ती म्हणाली, "नाय दुखत." त्यांनी पुढच्याला बोलावले. घरी येताना ती मला म्हणाली, "बा, दुखतंय असं सांगितलं असतं त काढला असता ना फोटो?" तिला खोटे न बोलण्यास मीच शिकविले होते.

४. जून २००२ मध्ये गाडी आलीच नाही. श्रावणात तिचा गाल सुजला. गालगुंड समजून आम्ही लेप लावला. डिसेंबरात नियमाप्रमाणे फोटो निघाला, तेव्हा सावली अर्ध्या जबड्यात पसरली होती; ती गाठ निघाली. फेब्रुवारीत मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात डावा जबडा काढावा लागला. तेथील डॉक्टर म्हणाले, "वर्षभर आधी आला असतात तर दाढ आणि गाठ काढून भागलं असतं."

५. मालू आता पेज पिते. बोललेले तिच्या आईलाच कळते. दहावीचे वर्ष सोडून ती घरी बसली आहे. पाणी भरायलाही तोंडावर ओढणी घेऊन जाते. गाठ पुन्हा येऊ शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी फोटो काढावा, असे मुंबईच्या डॉक्टरांनी लेखी दिले आहे.

६. तो कागद घेऊन मी मागील महिन्यात गाडीवर गेलो. लिपिकांनी वही पाहून सांगितले, "शेवटचा फोटो डिसेंबर २००२. आता डिसेंबर २००४ ला या." मालू शेजारीच उभी होती. तिने माझा हात धरून मला बाहेर आणले.

तरी नियम निरोगी दातांसाठी असावा व माझ्या मुलीस त्यातून वगळावे, ही विनंती. यापूर्वीच्या दोन अर्जांना उत्तर आले नाही. याला येईल असे वाटत नाही. किमान सोबतच्या प्रतीवर आवक शिक्का मारून द्यावा. उद्या मालूने विचारले, तर दाखवायला माझ्याकडे काहीतरी असावे.

आपला अर्जदार व मालूचा बाप,
भगीरथ धाऊ खाकर

सोबत : कार्डाची व मुंबईच्या कागदाची झेरॉक्स, अर्जाची दुसरी प्रत.